नळी बोलते तोवर

१

मच्छीमार सोसायटीची लॉरी गुरुवारी दुपारी मालवणात परत आली ती दोरखंडाला बांधून, सावंतवाडीच्या एका ट्रकच्या मागे ओढत. चाकं तिचीच फिरत होती, पण इंजीन गप्प होतं आणि चालकाच्या जागेवर महादू तांडेल नव्हता. त्याला मंगळवारीच अग्नी दिला होता.

साल अठ्ठावन्न, श्रावण महिना. नारळी पुनव आठ दिवसांवर आली होती आणि दांडीच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्तीला काढल्या होत्या. सोमवारी सकाळी सुक्या मासळीची पोती घेऊन महादू नेहमीप्रमाणे बेळगावला निघाला. आंबोलीच्या घाटात इंजीन तापलं म्हणून त्याने गाडी बाजूला घेतली आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. आतून वाफेचा असा लोट आला की झाकण त्याच्या तोंडावर आदळलं आणि तो मागे फेकला गेला. मागे दगडी कठडा होता. सावंतवाडीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नाही.

एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एवढ्यावर सगळ्यांनी गुन्हेगारही ठरवून टाकला होता.

"सत्या, हय ये," महादूच्या बापाने, गंगारामने, लेकीला हाक मारली.

सत्यवती ओटीवर आली. तेवीस वर्षांची, कोल्हापूरच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालेली, गावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणारी. महादूने लॉरी चालवली म्हणून ती शिकली, हे वाडीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. म्हातारा पायरीवर बसून उजव्या अंगठ्याला खोबरेल आणि राख चोळत होता. होडीच्या कामाने अंगठा राळेने काळा झाला होता. तरुणपणी मोरी मासा ओढताना गळ त्यातून आरपार गेला होता. त्याची तिरकी रेघ तेवढी काळ्यात पांढरी दिसत होती.

"सकाळी धा वाजता फौजदार येतलो. अंगठो साफ उठाक होयो," तो म्हणाला. "गुरुदास मेस्त्रीचा नाव मी लिवन देतलंय. सगळे होडयेवाले माझ्या पाठसून अंगठो देतले."

"बाबा, गुरुदासान काय केल्यान ता आपणाक खंय म्हायत आसा?"

"माका म्हायत आसा. शनिवारी तेना ता झाकण सोडल्यान, तेच्यात काय तरी घातल्यान. सोमवारी ताच झाकण माझ्या झिलाच्या तोंडार उडाला. आणि काय समजाक होया?" त्याचा आवाज चिरकला. "तू शास्त्र शिकलंस मगे? पोरांका वाफेचो धडो शिकयतंस. मगे तूच सांग माका, माझ्या झिलाक कोणी मारल्यान?"

"दादा म्हणा होतो, गाडयेचा पाणी गळता..."

"गळतीचा नाव घेव नको!" म्हातारा खेकसला. "होडी भायर काढूची आसा."

ही त्यांच्या घरातली जुनी रीत. होडीत गळती दिसली की मुकाट्याने बुजवायची आणि तिच्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढायचा नाही. नाव घेतलं की गळती परत येते, तीही भर समुद्रात, असं गंगारामचा आजा म्हणायचा. सत्यवतीने विषय सोडला. पण तिच्या मनात एक गोष्ट खुपत होती. ती गळतीची नव्हतीच.

कॉलेजला जाताना ती कितीदा तरी दादाच्या शेजारी बसून तो घाट चढली होती. लॉरी लढाईतली. तिचा तापमानाचा काटा कधीचाच मेलेला. पण रेडिएटरच्या तोंडापासून एक बारीक तांब्याची नळी खाली सोडलेली असते आणि पाणी उकळलं की तिच्यातून फुसफुसत वाफ येते. महादू गाडी थांबवून आधी त्या नळीकडे बघायचा. वाफ असली की टपरीवर बसून दोन कप चहा, आणि नळी थंडावल्यावरच झाकणाला हात.

"नळी बोलता तवसर झाकणाक हात लावचो नाय गो," तो म्हणायचा.

बारा वर्षं ज्याने हा नेम मोडला नाही, त्याने उकळत्या इंजिनाचं झाकण उघडलं कसं?

२

भिकाजी क्लीनर लॉरीच्या पायरीवर बसला होता. चाळिशीचा हडकुळा माणूस. डाव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं. सत्यवतीला बघून तो उठायला लागला.

"बस रे भिकाजी. हात कसो आसा?"

"हाताचा काय घेवन बसलंस बाय." त्याने मान वळवली. "हात माझो जळाक होयो होतो दोनय. झाकण मीच उघडतलंय होतंय. तेना फडक्या मागल्यान माझ्याकडसून. म्हटल्यान, तू रव रे, तुझ्या पायाक चिखल लागलोसा, सरकशीत."

"गाडी कित्याक थांबवल्यान?"

"ओढी नाय होती. चौथ्या वळणार इंजीन धापा टाकूक लागला. गरम लोखंडाचो वास येय होतो. महादू म्हणालो, पाणी कमी झाला असतला, घालूया."

"आणि वाफ? नळयेतसून वाफ येय होती?"

भिकाजीने तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"नाय," तो हळू म्हणाला. "ताच तर. नळी गप होती. मी वाकान बगलंय, महादून पण बगल्यान. एक थेंब नाय, एक फुसको आवाज नाय. पंधरा दिस ती नळी बकरीसारी मुतत होती. सोमवारी सकाळपासून बंद. सावतवाडयेक आमी चाय घेतली तेवा महादू गाडयेखाली वाकान बगी आणि हसा. म्हणा होतो, गुरुदासाच्या हातात जादू आसा, परत गेल्यार तेका चाय पाजूक होयी."

त्याने डोळे पुसले.

"ह्याच तेचा शेवटचा बोलणा बाय. 'नळी गप आसा, आण फडक्या.'"

सत्यवतीने वहीत दोन ओळी लिहिल्या. पाणी सांडणं सोमवारी सकाळी थांबलेलं. ते कुणी थांबवलं, महादूला नक्की ठाऊक नव्हतं. त्याने ते गुरुदासचं काम समजून घेतलं. मग गुरुदासने शनिवारी केलं तरी काय?

"गाडयेत पाणी खंयच्या विहिरीचा भरतास?"

भिकाजी चपापला. "किनाऱ्याकडच्या. ती लागीच आसा. गुरुदास बोंबलता, गोड्या विहिरीचा भरा म्हणान. पण कळशे कोण वाहतलो बाय चढावार?"

३

गुरुदास मेस्त्रीच्या गॅरेजचं एक दार लावलेलं होतं. दुसऱ्या दारावर वाळलेल्या चिखलाचे गोळे होते. कुणीतरी नेम धरून मारलेले. बाजारात त्याच्या बायकोला सकाळी कोळणींनी मूठभर सुकटही विकलं नव्हतं.

"येवा, मास्तरीण बाय," तो आतून म्हणाला. "तुमी तरी पुढच्या दारान इलात."

तो बाकड्यावर बसला होता. पुढे कुणाचीच गाडी नव्हती. अवजारं पुसून ओळीने मांडलेली होती, करण्यासारखं दुसरं काम नव्हतं म्हणून.

"शनिवारी तू झाकणात काय घातलंस?"

"चामड्याची चकती," गुरुदास लगेच म्हणाला. "जुनी कुजली होती. खड्ड्यात गाडी आपटली की झाकणाच्या कडेसून पाणी उडा. नवी घातली. घट्ट बसली. ह्योच माझो गुन्हो."

"चकती घट्ट बसली म्हणान वाफ आत कोंडली. वाडयेवाले ह्याच म्हणतत."

"वाडयेवाल्यांका म्हणांदेत. तुमी तसा म्हणतास?" तो पहिल्यांदाच तावातावाने बोलला. "झाकणार तुमी हातोडो मारून बसवा. बाजूक नळी उघडी आसताना वाफ कोंडतली कशी? झाकणाची चकती कोणाक मारूची नाय, बाय. माका तुरुंगात घाला, तरी मी ह्याच सांगतलंय."

सत्यवतीला हे पटलं. शाळेत ती दरवर्षी हाच प्रयोग दाखवायची. चंबूला बूच घट्ट बसवा, पण बुचातून काचेची नळी काढलेली असेल तर पाणी कितीही उकळलं तरी बूच उडत नाही. नळीला वाट मिळते. नळीचं तोंड बोटाने दाबलं की मात्र मुलांना मागे सरकायला सांगावं लागतं.

"नळयेक तू हात लावलंस?"

"नाय."

"तिचा गळणा तुझ्यामुळे थांबला, असा दादा म्हणा होतो."

"थांबला?" गुरुदास उभा राहिला. "कसा थांबात? पाणी उकळताच तर सांडतला. रेडिएटर आतसून चोंदलोसा, तो खोलून साफ केल्याशिवाय उकळणा थांबूचा नाय. मी सेक्रेटऱ्याक तीनदा सांगलंय. हरिश्चंद्रशेट म्हणालो, दिवाळयेक बघूया." त्याचा चेहरा उतरला. "बाय, जर ती नळी खरीच गप होती, तर माझी चकती... घट्ट होती ती. जुनी चकती आसती, तर कडेसून थोडी वाफ तरी गेली आसती."

बाहेर पावसाची एक सर येऊन गेली.

"माझ्यावांगडा येतंस गाडी बघूक?" तिने विचारलं.

"माका थय बगल्यानी तर हात-पाय मोडून ठेवतले," तो म्हणाला आणि ओळीतून दोन पाने आणि एक लांब तार तिच्या हातात दिली. "तुमीच बघा. नळी वरसून फुकून बघा."

४

लॉरी सोसायटीच्या आवारात माडाखाली उभी होती. सत्यवतीने पदर खोचला आणि शाळेत पदार्थ तपासावा तसं एकेक बघायला सुरुवात केली. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला, बोटभर दबला, ठीक होता. पंखा हाताने मोकळा फिरत होता. रबरी नळ्यांना चीर नव्हती.

भिकाजीने दोन कळशा पाणी आणून वरून ओतलं आणि तिने खालचा नळ सोडला. पाण्याची धार यायला हवी होती, आली ती करंगळीएवढी. झाकणाच्या तोंडातून आत बघितलं तर पाणी वाहायच्या अर्ध्याअधिक पन्हाळ्या पांढऱ्या पुटाने बुजलेल्या. तिने तारेने थोडं पूट खरवडलं आणि त्यावर लिंबू पिळलं. फेस आला.

"चुनो," ती म्हणाली. "शिंपल्याच्या वाळूतली ती विहीर. दादा रोज चुनो भरून घाट चढा होतो."

"म्हणजे मीच..." भिकाजीने रिकामी कळशी खाली ठेवली.

"नाय रे. ह्याच्यान इंजीन तापला. तापलेला इंजीन पंधरा दिस तापताच होता. तेवा दादाक काय झाला नाय, कारण नळी बोला होती." तिने तांब्याच्या नळीच्या वरच्या टोकाला तोंड लावलं आणि फुंकर घातली.

फुंकर परत तिच्याच गालात आली.

ती जमिनीवर बसली, मग पाठीवर निजून रेडिएटरच्या खाली सरकली. नळीचं खालचं तोंड चिखलाने माखलं होतं. घाटातल्या रस्त्यावर तसा चिखल सगळ्याच गाड्यांना लागतो, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. ओल्या गवताने तिने तो पुसला. चिखलाखाली माती नव्हती. काळं, गुळगुळीत, काहीतरी हाताने बसवलेलं होतं.

तिने नाक जवळ नेलं. लहानपणापासून ओळखीचा वास होता तो. श्रावणात सगळ्या किनाऱ्यावर हाच वास असतो. राळ आणि मोरी माशाचं तेल.

५

नळीचा खालचा चार बोटांचा तुकडा तिने करवतीने कापून घेतला आणि पदरात बांधला. भिकाजीला म्हणाली, "कोणाक सांगू नको."

शाळेच्या प्रयोगशाळेत संध्याकाळच्या उजेडात तिने तो तुकडा उभा चिरला. आत कापूस होता, राळेत आणि तेलात भिजवून, थरावर थर देऊन, निमुळत्या छिन्नीने ठोकत तीन बोटं खोल बसवलेला. होडीच्या दोन फळ्यांमधली फट अशीच बुजवतात. ओबडधोबड हात नव्हता हा. ज्याने केलं त्याने जीव ओतून केलं होतं.

पाच होड्या किनाऱ्यावर होत्या. पाच घरांत राळ कढत होती. गुरुदासशी वैर असलेलं कुणी? महादूशी? सोसायटीची लॉरी बंद पडावी असं वाटणारं कुणी? तिने वहीत पाच नावं लिहिली. पाचवं लिहिताना अक्षर वाकडं आलं.

मग तिने भिंग काढलं. शेवटचा थर बसवल्यावर माणसाने तो अंगठ्याने दाबला होता. राळ थिजली आणि अंगठा तिच्यात उमटून राहिला. बारीक वळ्या स्पष्ट होत्या. आणि त्यांना छेदून जाणारी एक कोरी तिरकी रेघ होती.

सत्यवतीने भिंग खाली ठेवलं. वहीतली पहिली चार नावं तिने एकेक करून खोडली.

घरी आली तेव्हा वहिनी चुलीपुढे बसली होती. सुगंधा तीन दिवस जेवली नव्हती. तरी सासऱ्यासाठी पेज करत होती.

"वयनी, आयतवारी गाडी खंय उभी होती?"

"मांगराकडे, होडयेच्या बाजूक," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "हे दुपारी निजले होते. त्या नळयेचा पाणी ठिबकान ठिबकान होडयेखाली डबरा झाला होता. बाबा कामाक बसले होते, चिडचिड करी होते. मगे माझ्याकडे इले, कापूस मागूक. होडयेचो सपलो म्हणाले. मी वातीचो दिलंय, देवाकडचो." तिने मान वर केली. "कित्याक गो?"

"काय नाय," सत्यवती म्हणाली. "असाच."

सुगंधा पुन्हा चुलीकडे वळली. देवाकडच्या वातीच्या कापसाबद्दल सत्यवतीने त्या दिवशी आणि पुढे कधीही कुणाला काही सांगितलं नाही.

६

शुक्रवारी सकाळी आठ वाजता गंगाराम मांगराबाहेर, सामानाच्या खोपटापुढे, होडीला टेकून बसला होता. अंगठा घासून घासून त्याने लाल केला होता. आता वळ्यांमध्ये राळेचा एक कण नव्हता.

सत्यवती रात्रभर शब्द जुळवत होती. बोलली नाही तर दोन तासांनी गुरुदासला बेड्या पडणार. बोलली तर... त्या "तर" च्या पुढे तिला जाता येत नव्हतं. शेवटी तिने काहीच न बोलता चिरलेल्या नळीचा तुकडा बापाच्या तळहातावर ठेवला.

म्हाताऱ्याने तो डोळ्यांजवळ नेला. हुंगला. नखाने कापसाचा थर उचलून बघितला. आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला.

"ह्यां माझा काम," तो म्हणाला. "तुका खंय गावला? कापलंस कित्याक गो, चांगला बसलेला? ही महादूच्या गाडयेची नळी. आयतवारी बुजवलंय मी. बिचारो पंधरा दिस त्या पाण्यापायी हैराण. निजलोलो, म्हटलंय उठवू नको, उठासर काम जायत." त्याने थर बोटाने दाबून बघितला. "बग, वातीचो कापूस, तरी कसो बसलो. एक थेंब गळाक नाय ना?"

सत्यवती त्याच्या लाल अंगठ्याकडे बघत होती.

"गळलो, गो?"

"नाय बाबा," ती म्हणाली. "एक थेंब पण गळाक नाय."

तो समाधानाने मान हलवायला लागला आणि मध्येच थांबला. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने तुकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत तुकड्याकडे.

"कापलंस कित्याक?" त्याने पुन्हा विचारलं. या वेळी आवाज वेगळा होता.

मग तिने सांगितलं. सोप्या शब्दांत, एकापुढे एक, जसं ती वर्गात सांगायची. चुन्याने रेडिएटर चोंदला होता म्हणून पाणी उकळत होतं. उकळलं की वाफ नळीतून जायची, आणि दादाला कळायचं की थांबायला हवं. ती नळी गळण्यासाठीच ठेवलेली असते. ती बंद झाल्यावर वाफ आत कोंडली. कोंडलेल्या वाफेखाली पाणी जास्त तापतं तरी खळखळत नाही, गप्प राहतं, वाट बघत. दादाने नळीकडे बघितलं, नळी गप्प होती, म्हणून त्याने झाकण सोडलं. गुरुदासच्या चकतीने काही केलं नाही. भिकाजीने काही केलं नाही.

"तुमी सांगलास आसता तर..." एवढं तिच्या तोंडून निघून गेलं आणि तिने ओठ चावला.

"सांगूचा नसता," गंगाराम म्हणाला. "नाव घेवचा नसता."

मग म्हातारा हळूच होडीच्या बुडाशी वाकला. बुडाला एक भोक होतं, त्यात लाकडी खुंटी ठोकलेली. होडी किनाऱ्यावर घेतली की ती खुंटी काढतात, म्हणजे पावसाचं साचलेलं पाणी निघून जातं, फळ्या कुजत नाहीत. समुद्रात घालताना परत ठोकतात. होडी आठवड्यात पाण्यात जायची म्हणून त्याने ती कालच ठोकली होती.

"होडयेक पण भोक आसता," तो म्हणाला. "उघडा ठेवचा भोक. पन्नास वर्सां मी ता उघडतंय आणि बंद करतंय. माका कळाक होया होता, सत्या. दुसऱ्या कोणाक नाय कळला आसता. माका कळाक होया होता."

७

दहा वाजता सोसायटीच्या ओसरीवर फौजदार टेबल मांडून बसला. वाडीतले होडीवाले रांगेने उभे होते. गुरुदास शिपायाच्या शेजारी, मान खाली घालून.

"गंगाराम तांडेल, तुमची तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

"लिवा," म्हातारा म्हणाला. "गंगाराम भिवा तांडेल. वय वर्सां अडुसष्ट. रवणार दांडी."

"ते लिहिलं. तक्रार कुणाविरुद्ध?"

"ताच सांगतंय मी. गंगाराम भिवा तांडेल."

रांगेत कुजबुज झाली आणि विझली. सत्यवतीने पुढे होऊन चिरलेली नळी टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सेक्रेटरी हरिश्चंद्रशेट दिवाळीच्या उल्लेखाला खाकरला आणि मग चष्मा पुसत राहिला.

फौजदाराने टाक खाली ठेवला. "आजोबा, हा अपघात आहे. यात गुन्हा होत नाही."

"मगे कशात होता?" गंगारामने विचारलं. "माझो झील मेलो. कोणी तरी मारल्यान ना? गुरुदासान मारल्यान आसता तर तुमी तेका नेलास आसता. माका कित्याक नेणास नाय?"

फौजदार तरुण होता. त्याने नवा कागद घेतला आणि लिहिलं की मृत्यू अपघाती, कुणाविरुद्धही तक्रार नाही. मग शाईचा ठोकळा पुढे सरकवला. गंगारामने अंगठा उठवला. तो साफ उठला, तिरक्या रेघेसकट.

म्हातारा वळून गुरुदासपुढे जाऊन उभा राहिला. हात जोडायला त्याने हात उचलले. गुरुदासने ते आपल्या तेलकट हातांत घेतले.

"चकती घट्ट होती काका," तो म्हणाला. "माझी पण."

दोघं तसेच उभे राहिले. रांगेतले लोक एकेक करून खाली उतरले. त्यातल्या एकाने जाता जाता आपल्या बायकोला हळूच सांगितलं, की गुरुदासाच्या घरी सुकट पाठव.

नारळी पुनवेला चार होड्या पाण्यात गेल्या. नारळ सोडून झाल्यावर सत्यवती मांगराकडे आली. पाचवी होडी जागच्या जागी होती. फळ्यांच्या फटी अर्ध्याच भरलेल्या, छिन्नी आणि हातोडा काठावर ठेवलेला. मघाच्या सरीचं पाणी होडीत साचलं होतं, आणि बुडाची खुंटी काढलेली होती.

गंगाराम भोकासमोर उकिडवा बसला होता. थेंब थेंब पाणी वाळूत पडत होतं.

"बाबा, घराक चला."

"चल, येतंय," तो म्हणाला. नजर त्याने हलवली नाही. "गळता आसा. गळून होवदे."

ती त्याच्या शेजारी वाळूत बसली.